आईची वही आणि डॉक्टर बाउडलरची कात्री

वाचकाचं पत्र

नमस्कार. माझी आई गेल्या वर्षी गेली. साठीनंतर तिने दोन वह्या भरून आठवणी लिहिल्या होत्या. माहेर, लग्न, देवरुखचं सासर, बाळंतपणं, जात्यावरच्या ओव्या, सगळं. वर्षश्राद्धाला नातेवाइकांना देण्यासाठी मी त्याचं छोटं पुस्तक केलं. टाइप करताना काही मजकूर वगळला, काही ठिकाणी शब्द सौम्य केले. आईचं आणि तिच्या सासूबाईंचं, म्हणजे माझ्या आजीचं, कधी फारसं पटलं नाही. वहीत शिव्या होत्या, शिवाय नातवंडांनी वाचू नयेत अशा दोन-चार गोष्टी होत्या.

माझा भाचा इंग्लंडमध्ये साहित्य शिकतो. त्याने मूळ वह्या वाचल्या आहेत. पुस्तक वाचून त्याने मला एकच ओळ पाठवली : 'मावशी, यू हॅव बाउड्लराइझ्ड आजी.' (त्याची आजी म्हणजे माझी आई.) कोशात पाहिलं तर 'अश्लील भाग गाळणे' असा अर्थ दिला होता. आईच्या लिखाणात अश्लील काय होतं? मला फार लागलं ते. हा शब्द शिवी आहे का? आला कुठून? मराठीत त्याला काय म्हणायचं? आणि आता सगळे म्हणताहेत पुन्हा छाप, तर मी काय करू?

एक जागा नमुन्यादाखल सांगते. आईने लिहिलं होतं : 'सासूबाईंनी भर अंगणात रांडे म्हणून हाक मारली. मी कळशी खाली ठेवली आणि तीच शिवी तशीच्या तशी परत केली. त्या दिवशी जेवले नाही, पण रडलेही नाही.' मी छापलं : 'सासूबाई रागावल्या. मी गप्प राहिले. त्या दिवशी जेवले नाही.'

— एक मावशी, रत्नागिरी

उत्तर

प्रिय ताई,

आधी शिवीचं बोलू. 'बाउड्लराइझ' ही शिवी नाही, पण शाबासकीही नाही. तो ठपका आहे. भाच्याने तो तुमच्या स्वभावावर ठेवलेला नाही, पुस्तकावर ठेवला आहे, आणि शब्द अगदी नेमका वापरला आहे. कोशातल्या 'अश्लील भाग गाळणे' या अर्थाने तुम्हाला लागलं, कारण तो अर्थ अपुरा आहे. गाळलेला भाग अश्लील असलाच पाहिजे असं नाही. गाळणाऱ्याला तो इतरांच्या डोळ्यांसमोर येऊ नये असं वाटलं, एवढं पुरतं. वाचणाऱ्याच्या भल्यासाठी म्हणून, न विचारता, आणि बहुतेक वेळा मूळ लेखनाचा जीव जाईल अशा रीतीने केलेली साफसफाई, असा त्या शब्दाचा रोख असतो. म्हणजे भाचा आईला अश्लील म्हणत नाही. उलट तिची बाजू घेतो आहे.

उच्चाराचं थोडक्यात. पहिला भाग 'लाउड'सारखा : बाउड-लराइझ. काही अमेरिकन लोक 'बोड' असाही करतात. ब्रिटिश छपाईत शेवटी झेडऐवजी एस दिसला तर तो वेगळा शब्द समजू नका.

आता तो आला कुठून ते जरा सविस्तर सांगते, कारण त्या कहाणीत तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. हा शब्द एका घरातून निघाला. इंग्लंडमध्ये बाथ शहराजवळ अठराव्या शतकात बाउडलर नावाचं एक सुखवस्तू, धार्मिक, वाचनवेडं कुटुंब राहत होतं. संध्याकाळी वडील मुलांना शेक्सपिअर मोठ्याने वाचून दाखवत. मुलांना ती नाटकं फार आवडत. त्यांतला धाकटा मुलगा टॉमस मोठा झाला, त्याने नाटकं स्वतः उघडून वाचली, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की वाचता वाचता वडील कितीतरी ओळी हळूच ओलांडून जात होते. ऐकणाऱ्यांना पत्ताही लागत नसे. टॉमसला यात वडिलांचं कौशल्य दिसलं. प्रत्येक घरातल्या वडिलांना असं बेमालूम वाचता येणार नाही, तेव्हा त्यांच्यासाठी तयार प्रतच का करू नये, हा विचार तिथून आला.

हा टॉमस बाउडलर 1754 साली जन्मला. एडिंबरोला वैद्यक शिकला, डॉक्टर झाला, पण वैद्यकीत फार रमला नाही. बुद्धिबळ मात्र इतकं चांगलं खेळायचा की त्या काळचा सर्वांत मोठा खेळाडू फिलिडोर याच्याशी खेळलेले त्याचे डाव नोंदलेले आहेत. तुरुंगांची स्थिती सुधारावी म्हणून झटणाऱ्या जॉन हॉवर्डच्या कामातही त्याला आस्था होती. हे मुद्दाम सांगते आहे. ज्याच्या नावाचा ठपका झाला, तो माणूस कोत्या मनाचा, पुस्तकं जाळणारा नव्हता. शेक्सपिअरवर त्याचं मनापासून प्रेम होतं. शेक्सपिअर घराघरांत वाचला जावा, बायकामुलांसमोर वाचला जावा, ही त्याची तळमळ होती. तुमच्या पत्रातही तीच तळमळ दिसते, म्हणून तुम्हाला तो ओळखीचा वाटेल.

पण पहिली कात्री टॉमसने चालवलीच नव्हती. ती चालवली त्याच्या बहिणीने. हेन्रिएटा मरिया तिचं नाव, घरात हॅरिएट म्हणत. 1807 साली बाथमध्ये 'द फॅमिली शेक्सपिअर' हे चार खंडांचं पुस्तक निघालं. त्यात 20 नाटकं होती आणि संपादक म्हणून कुणाचंही नाव नव्हतं. ते काम हॅरिएटचं होतं, हे आता मान्य आहे. तिने नाव का घातलं नसेल याचा अंदाज तुम्हाला लगेच येईल. त्या काळच्या सभ्य, अविवाहित बाईने 'मी अमुक ओळी अश्लील म्हणून काढल्या' असं म्हणायचं, म्हणजे त्या ओळींचा अर्थ आपल्याला कळतो अशी कबुली द्यायची. ते परवडणारं नव्हतं. 1818 मध्ये वाढवलेली आवृत्ती आली, दहा खंड, 36 नाटकं, आणि मुखपृष्ठावर नाव टॉमस बाउडलर, एस्क्वायर. काम बहिणीने सुरू केलं, नाव भावाचं झालं आणि पुढे बदनामीही भावाचीच झाली. मला या कहाणीत सगळ्यात जास्त रुखरुख हॅरिएटची वाटते. दुसऱ्यांच्या ओळी पुसता पुसता तिला स्वतःचं नावही पुसावं लागलं.

गंमत बघा, त्याच 1807 साली चार्ल्स आणि मेरी लँब या भावाबहिणीचं मुलांसाठीचं शेक्सपिअरच्या गोष्टींचं पुस्तकही निघालं. तिथेही 20 नाटकं, आणि तिथेही बहुतेक गोष्टी बहिणीने लिहिलेल्या असून पुस्तकावर नाव एकट्या भावाचं. लँब भावंडांनीही मुलांना नको ते सगळं वगळलंच होतं. तरी त्यांच्या नावाचं कुणी क्रियापद केलं नाही. कारण त्यांनी गोष्टी आपल्या शब्दांत सांगितल्या होत्या आणि 'या गोष्टी आहेत' असं स्पष्ट म्हटलं होतं. बाउडलरची प्रत मात्र नाटकाच्या रूपात होती, ओळीखाली ओळ, शेक्सपिअरच्या नावाने. हा फरक लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

बाउडलरने लपवाछपवी केली असंही नाही. मुखपृष्ठावरच छापलं होतं की मूळ मजकुरात काहीही भर घातलेली नाही, फक्त कुटुंबात मोठ्याने वाचायला शोभणार नाहीत असे शब्द आणि वाक्यं गाळली आहेत. अडचण अशी की हे वचन पूर्णपणे पाळणं जमलं नाही. शब्द गाळला की वाक्य लंगडं होतं, छंद मोडतो, मग तिथे काहीतरी बसवावं लागतं. 'गॉड' हा उद्गार नको म्हणून अनेक ठिकाणी 'हेवन्स' आला. 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये रोमिओचा मित्र मर्क्यूशिओ ज्युलिएटच्या दाईला दुपारचे बारा वाजल्याचं सांगतो ती जागा पाहा. मूळ वाक्यात घड्याळाचा काटा 'चावट' आहे, आणि बाराच्या खुणेसाठी वापरलेला शब्द पुरुषाच्या अवयवालाही लागू पडतो. वाह्यात पोराने म्हाताऱ्या बाईची केलेली ती थट्टा आहे. बाउडलरच्या प्रतीत काट्याचा चावटपणा गेला आणि खूण म्हणजे नुसता बिंदू उरला. वेळ कळते, मर्क्यूशिओ कळत नाही.

'ऑथेल्लो'मधली जागा याहून बोलकी आहे. मध्यरात्री खलनायक इयागो एका सरदाराच्या खिडकीखाली उभा राहून बोंब ठोकतो, की तुझी मुलगी आणि तो मूर (म्हणजे ऑथेल्लो) या घटकेला दोन पाठींचं जनावर झाले आहेत. अत्यंत घाण वाक्य आहे, आणि घाण असायलाच हवं. कारण झोपलेल्या बापाला अंथरुणातून उठवायचं, त्याच्या डोळ्यांपुढे ते चित्र उभं करायचं, त्याला पेटवायचं हाच इयागोचा डाव आहे. बाउडलरने काय छापलं? तुझी मुलगी आणि तो मूर आता एकत्र आहेत. एवढ्यावर कोणता बाप रात्री तलवार घेऊन बाहेर पडेल? शब्द गेला तो इयागोचा, पण नुकसान झालं बापाचं. त्याचा संताप अकारण वाटायला लागतो. डॉक्टरसाहेबांनाही 'ऑथेल्लो' आवरलं नाही. इतकं काढूनही हे नाटक कुटुंबात वाचण्याजोगं वाटत नसेल, तर ते दिवाणखान्यातून उचलून आतल्या खोलीत ठेवावं, असा सल्ला त्यांनी स्वतःच दिला. माझ्या मते त्यांच्या सगळ्या लिखाणातला सर्वांत शहाणा सल्ला तो हाच. जे जमणार नाही ते कापू नका, दुसऱ्या खोलीत ठेवा.

पुस्तक खपलं. सुरुवातीला फार नाही, पण 1821च्या सुमाराला दोन मोठ्या नियतकालिकांमध्ये त्यावरून वाद पेटला आणि मग एकोणिसाव्या शतकात आवृत्त्या निघत राहिल्या. बाउडलर 1825 मध्ये वेल्समध्ये स्वान्सीजवळ वारला. शेवटच्या दिवसांत तो गिबनच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासाची साफसूफ करत होता, ती त्याच्यामागे 1826 साली छापली गेली.

आणि मग नावाचं क्रियापद झालं. छापील स्वरूपात ते पहिल्यांदा आढळतं 1836 मध्ये, पेरोनेट टॉमसन या खासदाराच्या लिखाणात. त्याचा विषय शेक्सपिअर नव्हताच. बायबलातल्या संत पॉलच्या ओळखीच्या माणसांची नावं ग्रीक देवदेवतांवरून पडलेली होती आणि पॉलला त्याचं काही वाटलं नाही. आजचे कडवे धार्मिक लोक असते तर त्यांनी एपाफ्रोडायटस आणि नार्सिसस ही नावं बहुधा 'बाउड्लराइझ' केली असती, अशा अर्थाचं ते वाक्य आहे. म्हणजे माणूस जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि त्याचं नाव नाटकांतून सुटून कशालाही लागू होणारा शब्द बनलं होतं. तेव्हा ते मोठ्या अक्षराने लिहीत. आता लहान अक्षराने लिहितात, कारण वापरणाऱ्याला मागचा माणूस आठवत नाही. आपल्याकडे 'बॉयकॉट' शब्द सर्रास वापरला जातो. तोही 1880च्या सुमाराला आयर्लंडमध्ये कुळांनी वाळीत टाकलेल्या कॅप्टन बॉयकॉटचं नावच आहे. फरक इतकाच की बॉयकॉटवर जे केलं गेलं त्याला त्याचं नाव मिळालं, आणि बाउडलरने जे केलं त्याला त्याचं.

शब्दात नेहमी ठपकाच असतो का? असतो. पण बाउडलरची बाजू घेणाराही एक मोठा कवी निघाला, स्विनबर्न. ज्याच्या स्वतःच्या कवितांवर अश्लीलतेचा गदारोळ झाला होता, त्या स्विनबर्नने 1894 मध्ये लिहिलं की बुद्धिमान, कल्पक मुलांच्या हाती शेक्सपिअर देणं ज्याने शक्य केलं, त्याच्याइतकी शेक्सपिअरची सेवा दुसऱ्या कुणी केली नाही. हे वाक्य मला मोलाचं वाटतं. पण त्यातला 'मुलं' हा शब्द सोडू नका. मुलांसाठीची प्रत ही मुलांसाठीचीच राहिली पाहिजे, आणि मोठं झाल्यावर मूळ प्रत कुठे आहे हे त्यांना माहीत असलं पाहिजे. टॉमसला मोठेपणी खरी नाटकं हाताशी मिळाली, म्हणून तर वडिलांची युक्ती त्याला कळली.

आता वापराचं बघू, कारण हा शब्द चुकीच्या ठिकाणी पडला तर अन्याय होतो. हे सकर्मक क्रियापद आहे, म्हणजे काय साफ केलं ते सांगावं लागतं. ते पुस्तक असेल, नाटक, गाणं, चित्रपट, लोककथा, कुणाचं चरित्र. लेखकाचं नाव कर्म म्हणून आलं तर त्याचं लिखाण असा अर्थ घ्यायचा. 'आजीला बाउड्लराइझ केलं' हे त्यामुळे व्याकरणाने बरोबर आहे. पानं वाढली म्हणून मजकूर कमी केला तर हा शब्द चालत नाही, तो नुसता संक्षेप. सरकारी कागदातली नावं काळ्या शाईने झाकली तर तेही वेगळं, तिथे काय झाकलं ते दिसत असतं. आणि सत्तेने जबरदस्तीने कापायला लावलं तर ती सेन्सॉरशिप. 1972 मध्ये 'सखाराम बाइंडर' या नाटकात परिनिरीक्षण मंडळाने मोठी काटछाट सुचवली आणि दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले, ती सेन्सॉरशी झालेली लढाई होती. तिथे 'बाउड्लराइझ' म्हणणं मवाळ पडेल. या शब्दात हुकूम नसतो. त्यात माया असते, भीड असते, चार लोक काय म्हणतील याची काळजी असते. म्हणून तो घरातल्या माणसांना जास्त लागतो.

भाषणात, गप्पांत हा शब्द क्वचितच येतो. ग्रंथपरीक्षणात, अग्रलेखात, भाषांतराच्या चर्चेत भेटतो. स्वतःच्या कामाबद्दल कुणी सहसा तो वापरत नाही. प्रस्तावनेत तुम्हाला इंग्रजीत सांगायचंच झालं तर 'एक्स्पर्गेटेड' हा तटस्थ शब्द आहे, किंवा सरळ 'निवडक' म्हणा.

मराठीत काय म्हणायचं? कोशातले 'संमार्जन', 'अश्लीलता-निवारण' असले शब्द मला चालत नाहीत, त्यात ठपका नाही. 'कात्री लावणे' जवळ जातं, पण कात्री कशासाठीही लागते. मी 'सोवळं करणे' म्हणते. 'सोवळी आवृत्ती', 'नाटक सोवळं करून छापलं'. सोवळ्यात शुद्धतेचा आग्रह आहे, शिवू नका आहे, आणि ऐकणाऱ्याच्या कानाला ती किंचित नापसंतीही लगेच कळते. ज्याला मराठी येतं त्याला हे समजवावं लागत नाही.

आपल्याकडेही अशी सोवळी पाठांतरं आहेत, आणि त्यांतलं एक तर तुम्हाला नक्की तोंडपाठ असेल. 'मऊ मेणाहूनि आम्ही विष्णुदास' या तुकोबांच्या अभंगातली ओळ म्हणून बघा. 'भले तरि देऊं कासेची लंगोटी' असंच आलं ना तोंडी? शाळेत, भाषणांत, सुविचारांच्या फळ्यावर ती अशीच असते. गाथेच्या छापील प्रतींत मात्र 'गांडीची लंगोटी' असा पाठ मिळतो. 'कासेची' म्हणणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. वर्गात चाळीस मुलं खिदळतील, एवढीच भीती असणार. पण दोन्ही ओळी मोठ्याने म्हणून पाहा. पहिलीत एक सज्जन संत दान देतो आहे. दुसरीत एक माणूस सांगतो आहे की अंगावरचं शेवटचं फडकंही सोडून देईन, उघडा पडेन, आणि पुढच्याच श्वासात, नाठाळ भेटला तर डोक्यात काठी घालीन. त्या काठीला जोर येतो तो आधीच्या शब्दातून. कास नेसलेल्या तुकोबांचा राग लोकांना तेवढा खरा वाटत नाही.

आता तुमच्या आईच्या अंगणात येऊ.

तुम्ही तीन वेगवेगळ्या गोष्टी केल्या आहेत आणि त्या एका शब्दाखाली येतात म्हणून तुमचा गोंधळ होतो आहे. नातवंडांनी वाचू नयेत अशा दोन-चार गोष्टी तुम्ही पूर्ण वगळल्यात. त्या काय होत्या ते तुम्ही लिहिलं नाही, मीही विचारत नाही. आई आज परवानगी द्यायला नाही, आणि त्या गोष्टी कदाचित हयात असलेल्या कुणाच्या असतील. असं पान न छापणं हा तुमचा हक्क आहे, काही वेळा कर्तव्यही आहे. त्याला भाच्याने ठपका दिला तर तुम्ही तो घेऊ नका. दुसरं, तुम्ही शब्द सौम्य केलेत. यातलं काही चालेल, काही नाही, प्रत्येक जागा वेगळी पाहावी लागेल.

तिसरी गोष्ट मात्र चालणार नाही. 'मी गप्प राहिले' हे तुमच्या आईने लिहिलेलं नाही. ती गप्प राहिली नव्हती. तिने कळशी खाली ठेवली. मला तर ती कळशी खाली ठेवणं शिवीपेक्षा मोठं वाटतं. भरलेली कळशी डोक्यावर असताना भांडता येत नाही, म्हणून आधी ती नीट खाली ठेवली, पाणी सांडू दिलं नाही, आणि मग तोंड उघडलं. त्या एका वाक्यात तिचा सगळा स्वभाव आहे. तुम्ही शिवी काढायला गेलात आणि कळशीही गेली. 'पण रडलेही नाही' हेही गेलं, आणि त्यात तर झाकण्यासारखं काहीच नव्हतं. जेवली नाही एवढंच राहिल्यामुळे आता वाचणाऱ्याला ती रुसून बसलेली, दबलेली सून वाटते. तिने स्वतःबद्दल जे लिहून ठेवलं होतं त्याच्या बरोबर उलट.

त्या शिवीविषयीही सांगायला हवं. जुन्या मराठीत त्या शब्दाचा पहिला अर्थ विधवा. सासूने सुनेला तो शब्द उच्चारायचा म्हणजे रागाच्या भरात आपल्याच मुलाचं मरण तोंडी आणायचं. असं घराघरांत रोज चालायचं, कुणी अर्थाकडे बघत नसे. आणि तीच शिवी सुनेने सासूला परत करायची, भर अंगणात, त्या काळात! त्या क्षणाला अंगणातल्या बाकीच्या बायका कशा थबकल्या असतील याची मला कल्पना करता येते. नातवंडांनी हे वाचू नये? माझं मत विचाराल तर त्यांनी हेच आधी वाचावं. आपली आजी आणि पणजी कोणत्या शब्दांत जगल्या, ते शब्द कसे झेलले, हे कळायला दुसरी कुठली वही आहे त्यांच्याकडे?

तुमच्या मनात आजीची बाजू असणार, हे मी समजू शकते. ती तुमची आजी होती, तुमचे लाड करणारी. भांडखोर सासू म्हणून ती छापून यावी असं कोणत्या नातीला वाटेल? तर मग आजीची बाजू तुम्ही लिहा. तुमच्या नावाने, शेवटी चार पानं जोडा. ती तुमच्याशी कशी वागायची, तिच्या हातचं काय आवडायचं, तिचं स्वतःचं सासर कसं होतं. आईच्या वाक्यात शिरून आजीला वाचवू नका.

दुसऱ्या छपाईसाठी असं करा. मूळ वह्या आधी स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा, त्यांतली एक प्रत भाच्याकडे द्या. मग पुस्तक आणि वही शेजारी ठेवून जिथे जिथे तुमचं वाक्य आईच्या वाक्याच्या जागी आलं आहे तिथे पेन्सिलीने खूण करा. ती सगळी वाक्यं परत आईची करा, शिव्यांसकट. एखादा शब्द छापवतच नसेल तर पहिलं अक्षर ठेवून पुढे फुल्या द्या. इथे काहीतरी होतं हे तरी दिसेल. जे प्रसंग पूर्ण वगळायचे ते वगळा, पण त्या जागी कंस करून तीन टिंबं छापा. आणि सुरुवातीच्या पानावर तुमच्या सहीने हे घाला, हवं तर जसंच्या तसं :

'आईच्या वहीतले काही प्रसंग घरातल्या माणसांचा विचार करून मी इथे घेतलेले नाहीत. तशा जागी कंसात तीन टिंबं आहेत. बाकी सगळे शब्द तिचे आहेत, मी एकही बदललेला नाही. मूळ वह्या माझ्याकडे आहेत, घरातल्या कुणालाही मोठं झाल्यावर येऊन वाचता येतील.'

इतकं केल्यावर पुस्तकाला कुणी 'बाउड्लराइझ्ड' म्हणू शकणार नाही. निवडक म्हणतील, आणि ते खरंही असेल.

भाच्याला उत्तर मराठीत पाठवा. त्याने परक्या भाषेतला शब्द घेतला, कारण आपल्या मावशीला 'तू आईला सोवळं केलंस' असं मराठीत म्हणायला त्याची जीभ रेटली नसावी. त्याला सांगा की शब्द कळला, आणि विचारा की टिंबं कुठे घालायची हे ठरवायला तो एक दुपार तुमच्याबरोबर फोनवर बसेल का. ओव्यांचा भाग त्याच्याकडून तपासून घ्या. तिथेही तुम्ही काही बदललं असेल, तर ओवीच्या मापात ते लगेच ऐकू येतं.

तुमची,
सदरलेखिका

(ता. क. 'रडलेही नाही' हे वाक्य आधी परत घाला. बाकीचं सावकाश झालं तरी चालेल.)